घरातली हिंसा आणि घरपोच शिक्षण



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आयोजित केले जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. मी त्यांचा केवळ शेजारी. पण दुपारी शाळा सुटल्यावर कोपऱ्यातल्या वर्गात त्या चार-पाच संसारी बायकांना घेऊन बसत, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या बायका मॅट्रिकला खासगीरीत्या बसणाऱ्या. त्यांची पुस्तके बाई शाळेच्या कपाटातच ठेवून घेत. मी एकदा सहज कारण विचारले. बाई म्हणाल्या, “घरी नेली तर राहत नाहीत.” मी त्याचा अर्थ मुलेबाळे पाने फाडत असतील, असा लावला. तो किती अपुरा होता, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. आजचा विषय त्या कपाटापासून सुरू होतो, असे म्हटले तरी चालेल.

घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचार हा विषय दूरशिक्षणाने, तोही पदव्युत्तर पातळीवर, अभ्यासता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे. मराठीच्या अध्यापकाने यात का पडावे, असे निमंत्रणपत्रिका पाहून एका स्नेह्यांनी मला विचारले. त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. ते फारसे भूषणावह नाही.

प्रथम आपण जिथे बसलो आहोत त्या विद्यानगरविषयी. येथून विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंध्र महिला सभेची वास्तू आणि दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय आहे. चिंतामणराव देशमुखांशी १९५३ साली विवाह झाल्यामुळे आपण मराठी माणसे दुर्गाबाईंना अभिमानाने आपल्या म्हणतो. त्या आपल्या झाल्या त्याच्या आधीची गोष्ट मात्र आपण क्वचितच सांगतो. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिले गेले होते आणि जाणत्या झाल्यावर त्यांनी तो संसार नाकारला. पुढे स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवास सोसून सुटल्यावर बनारसची मॅट्रिक त्यांनी खासगीरीत्या दिली, मग पदवी, मग कायदा, मग संविधान सभा. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्षा असताना शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी १९५८ साली संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना सुरू झाली. कौटुंबिक न्यायालये असावीत, असा आग्रह त्यांनी १९५३ सालच्या चीन दौऱ्यानंतर पंडित नेहरूंकडे धरला होता. त्यासंबंधीचा कायदा व्हायला १९८४ साल उजाडले, आणि दुर्गाबाई १९८१ मध्येच गेल्या होत्या. शिक्षण आणि घरातला अन्याय ही दोन स्वतंत्र खाती आहेत, असे त्यांनी कधी मानले नाही. आपण मात्र ती वेगळी ठेवत आलो.

त्याच विद्यानगरच्या शेजारी नल्लाकुंटा आहे. १९७८ च्या मार्च महिन्यात रात्रीचा सिनेमा पाहून नवऱ्यासह परतणाऱ्या एका स्त्रीला तेथील पोलीस ठाण्यात नेण्यात आले आणि तिच्यावर पोलिसांनी बलात्कार केला. जाब विचारणारा नवरा मारहाणीत मेला. सारे शहर पेटले. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांना दोषी ठरवले. खटला राज्याबाहेर, रायचूरला चालला आणि १९८१ साली आरोपी सुटले. त्या स्त्रीचे नाव मी घेणार नाही. पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ही मनाई आली तीसुद्धा या प्रकरणांनंतर, १९८३ मध्ये.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि येथेच भाड्याच्या खोलीत राहत होतो. दगडफेक, अश्रुधूर, बंद दुकाने सारे आठवते. दुसऱ्या आठवड्यात कॉलेज उघडले आणि मी ठरल्याप्रमाणे अलंकार शिकवले. वर्गात बारा मुली होत्या. एकीनेही काही विचारले नाही, म्हणून मीही बोललो नाही. त्या वेळी तो मला सभ्यपणा वाटला.

त्याच सुमारास महाराष्ट्रात आणखी एक निकाल गाजत होता. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा तिची संमती असावी, असा तर्क त्यात होता. याविरुद्ध १९७९ साली सरन्यायाधीशांना चार जणांनी खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. चौघेही कायद्याचे शिक्षक. पत्राचा मुद्दा मला भाषेच्या अध्यापकाच्या नजरेने फार मोठा वाटतो. शरण जाणे आणि संमती देणे हे दोन निराळे शब्द आहेत, एवढेच त्यांनी न्यायालयाला समजावून सांगितले. १९८३ चा बदललेला कायदा या मंथनातून आला. कोठडीतील बलात्काराची स्वतंत्र दखल घेतली गेली, आणि त्याच वर्षी पतीच्या व सासरच्यांच्या क्रूर वागणुकीसाठी ४९८-अ हे कलमही जन्मले.

पोलीस ठाण्यासाठी शहर रस्त्यावर उतरले. ठाण्याच्या मागच्या गल्लीतल्या घरांसाठी कोणी उतरले नाही, आणि उतरणार तरी कसे? तेथे काय चालते याला आपल्याकडे नावच नव्हते. नाही म्हणायला एक शब्द होता, सासुरवास. त्यात सासू आहे, नणंद आहे, जाऊ आहे. नवरा जवळपास नाहीच. मार खाणाऱ्या बाईच्या तोंडी ‘जाच’ असतो, पोलिसांच्या कागदात ‘किरकोळ घरगुती वाद’ असतो आणि शेजाऱ्यांच्या तोंडी ‘त्यांचं आपसातलं’. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चारी रूपे एका व्याख्येत आणणारा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. घराच्या आतल्या लैंगिक अत्याचाराला तेथे निदान दिवाणी कायद्यात नाव मिळाले. फौजदारी कायद्याने मात्र सज्ञान पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलेच ठेवले. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो अपवाद तसाच उचलून ठेवला गेला.

आता दूरशिक्षणाकडे येतो. या बाबतीत हैदराबादने देशाला वाट दाखवली आहे. भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ येथे १९८२ साली स्थापन झाले. १९९१ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी पुढे १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. स्त्री-अभ्यास, समाजकार्य, कायदा या विषयांतले पदव्युत्तर अभ्यासक्रम घरी बसून करता येऊ लागले, आणि कौटुंबिक हिंसा हा त्यांतल्या घटकांचा विषय झाला. पोलीस खात्यातल्या नोकरदार, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, परिचारिका, वकील आणि निवृत्त शिक्षिका अशा विद्यार्थिनींना एरवी विद्यापीठाच्या वर्गात येणे कधी जमले असते? दूरशिक्षणाचे हे ऋण मी मनापासून मान्य करतो.

परंतु या विषयाची एक अडचण इतर विषयांना नाही. भूगोलाचे पुस्तक घरी आले तर घरातल्या कोणाला भय वाटत नाही. घरातल्या हिंसेचे पुस्तक टपालाने जिथे येते, ते त्याच हिंसेचे ठिकाण असू शकते. वर्गात बसणाऱ्या मुलीला दोन तास तरी चार भिंती निराळ्या मिळतात. हिची अभ्यासिका म्हणजे स्वयंपाकघर, आणि पाकीट फोडणारा हात तिचाच असेल याची खात्री नाही.

आता त्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका पत्रद्वारा अभ्यासक्रमाचे मराठी एम. ए. चे स्वाध्याय तपासत असे. उत्तरामागे ठरावीक मानधन मिळे, त्यामुळे हात भरभर चाले. एका स्वाध्यायात ताराबाई शिंदे यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’वर प्रश्न होता. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेच्या निमित्ताने बुलढाण्याच्या या बाईंनी लिहिलेला निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. एका विद्यार्थिनीचे उत्तर नीटनेटके होते. दुसऱ्या पानावर तिने उदाहरण म्हणून ‘एक सुशिक्षित स्त्री’ घेतली होती. ती स्त्री पहाटे उठते, ती नोकरीला जाते, पगार नवऱ्याच्या हाती देते, रात्री तिला नको असताना... आणि येथून पुढे पाच ओळी वाक्ये ‘मी’ने सुरू होत होती. सहाव्या ओळीत पुन्हा ‘ती’.

मी तांबड्या शाईने त्या पाच ओळींखाली रेघ मारली आणि समासात लिहिले: ‘पुरुष का बदलला? वाक्यरचनेत सुसंगती हवी.’ दोन गुण कापले.

व्याकरणातल्या पुरुषाविषयीच मी लिहिले होते, हे आपल्याला सांगायला नको. पण ते वाक्य कोणाच्या घरी, कोणाच्या हाती पडले असेल? तिचा पुढचा स्वाध्याय आला नाही. गळतीचे प्रमाण या अभ्यासक्रमांत मोठेच असते, म्हणून मी चौकशी केली नाही. वर्षभराने दुसऱ्याच कशासाठी ताराबाई वाचत असताना त्या पाच ओळी एकदम आठवल्या. कार्यालयात गेलो तेव्हा उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे परत पाठवल्या गेल्या होत्या. नोंदणी क्रमांक माझ्यापाशी नव्हता.

माझ्या अनुभवाला अपवाद समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी शंभरांत ७७ जणींनी कधी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. हे सर्वेक्षण हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारते, तेही एकांत मिळाला तरच; एकांत नसेल तर तो भाग सोडून देते. प्रश्न विचारल्यामुळे बाईला मार पडू नये, एवढी काळजी साधी पाहणी करणारे घेतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तर आपण लघुप्रबंधासाठी एकट्यालाच, मार्गदर्शकापासून दोनशे मैलांवर, दहा स्त्रियांच्या मुलाखती घ्यायला पाठवतो. त्या बोलल्या तर पुढे काय करायचे? जिल्ह्याची संरक्षण अधिकारी कोण, हे त्याला ठाऊक असते काय? मुंबईत पोलीस आयुक्तालयातच १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रियांसाठी विशेष कक्ष चालवला. तसे एखादे दार जवळ आहे की नाही, हे मुलाखतीआधी शोधणे हा अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे. आणि विद्यार्थिनी स्वतःच त्या ७७ पैकी असली, तर स्वाध्याय तपासणाऱ्याला निदान ते ओळखू यावे. मला आले नाही.

काही जण म्हणतात, असा विषय टपालाने शिकवूच नये. मला ते पटत नाही. ज्या बाईला दाराबाहेर पडता येत नाही तिच्यापर्यंत पोचणारे शिक्षण हेच एक आहे. पाकिटावर विषयाचे नाव छापू नये, पत्ता विद्यार्थिनीने सुचवावा, संपर्कसत्रात एक तास एकटीने बोलण्यासाठी राखून ठेवावा, तपासनिसांना आधी दोन दिवस बसवून शिकवावे. या गोष्टी खर्चाच्या नाहीत.

शाळेच्या व्यवस्थापनाला माझी एक विनंती आहे, आणि ती मी मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर घातली आहे. कोपऱ्यातला तो वर्ग आता संगणकांसाठी वापरला जातो, पण बाईंचे लोखंडी कपाट जिन्याखाली अजून आहे. त्याला सहा खण आहेत. विद्यानगर, नल्लाकुंटा, शिवम रोड येथल्या ज्या कोणी बाहेरून शिकत असतील त्यांना टपालासाठी शाळेचा पत्ता देता यावा आणि पुस्तके त्या कपाटात ठेवता यावीत. विषय कोणता, हे शाळेने विचारू नये. रविवारी सकाळी दहा ते एक मी येऊन बसेन. गुडघे दुखतात, पण जिन्याखालीच बसायचे आहे. कपाटाचे कुलूप गंजले होते, ते काल बदलून घेतले. दोन किल्ल्या आहेत. एक कार्यालयात राहील.