फिल्टर बदलल्यावर आधी एअर काढा

धसईच्या शिवारात चिखलणी सुरू झाली,
की पॉवर टिलरला उसंत नसते.
नेमका तेव्हाच डिझेलचा नवा फिल्टर बसवावा,
आणि इंजिन सुरूच होऊ नये!

घाबरू नका.
इंजिन बहुधा बिघडलेलं नसतं.
त्याने एअर घेतलेली असते.

फिल्टर उघडला, की डिझेलच्या नळीत हवा शिरते.
डिझेल दाबून आकसत नाही.
हवा आकसते.
पंपाचा सगळा जोर तिथेच जिरतो,
आणि नोझलमधून फवारा उडत नाही.

म्हणून हँडल मारत बसू नका.
आधी एअर काढा.

टाकीत डिझेल आहे ना?
कॉक उघडा आहे ना?
मग फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा सैल करा.
आधी बुडबुडे येतील.
सलग डिझेल वाहू लागलं, की स्क्रू आवळा.
तसंच पुढे पंपापाशी करा.
खाली डबा धरा.
ते डिझेल खाचरात जाता कामा नये.

आणि एक कळकळीची विनंती.
नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नका.
तो कातडी भेदून आत शिरतो.
जखम टाचणीएवढी दिसली, तरी लगेच दवाखाना गाठा.

एअर काढूनही इंजिन सुरू होत नसेल,
तर फिल्टरचं वॉशर पाहा.
ते चेपलेलं असेल, तर तिथूनच हवा शिरते.
नवं वॉशर घाला,
आणि पुन्हा एकदा एअर काढा.