मृगाआधी हत्यारांना धार लावा



मृग जवळ आला की आपण बियाणे पाहतो, खत पाहतो, औते दुरुस्त करतो. पण ज्या हत्यारांनी ती दुरुस्त करायची, त्या वाकस, पटाशी, कुऱ्हाडीकडे कुणी बघत नाही.

मागे एकदा वैशाखात एका गावी गेलो होतो. तिथले एक शेतकरी नव्या जुवाला शिवळेसाठी भोक पाडत होते. लाकूड बाभळीचे आणि पटाशी बोथट. त्यांनी जोर वाढवला, पटाशी निसटली आणि डाव्या तळहातात घुसली. ऐन पेरणीत हात गळ्यात बांधलेला. पाभर दुसऱ्याला धरावी लागली.

तुम्ही म्हणाल, धारेचे हत्यार जास्त धोक्याचे. तसे नाही. धार असली की पाते अलगद लाकडात शिरते. बोथट पात्याला जोर लागतो, आणि जोरात निसटलेले हत्यार आवरत नाही.

धार गेली हे कसे ओळखावे? कड उजेडाकडे धरा. चकाकणारी पांढरी रेघ दिसली तर तिथे धार नाही. चांगली धार डोळ्याला दिसत नाही.

धार अशी लावावी :

१) कुऱ्हाड व वाकस कानशीने घासावी. हत्यार पक्के अडकवून घ्यावे. मूळचा उतार असेल त्याच बाजूने घासावे. कानस पुढे नेताना दाबावी, मागे आणताना उचलावी. नाहीतर तिचे दाते मरतात.

२) पटाशी पथरीवर घासावी. पथरीवर तेलाचे चार थेंब टाकून उतार पूर्ण टेकवावा. हात डुलू देऊ नये. बाभळीसारख्या टणक लाकडासाठी उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असावी. म्हणजे ३० अंशांचा कोन मिळतो. पाते पहिल्यांदा खरबरीत बाजूवर, मग मऊ बाजूवर घासावे.

३) घासता घासता मागच्या बाजूला बारीक खरखर बोटाला लागते. ती लागली म्हणजे उतार कडेपर्यंत आला. आता पटाशी उलटी करून पाठ पथरीवर सपाट टेकवावी व दोन-चार वेळा घासावी. पाठ उचलली की धार गेलीच समजा.

आता सर्वांत महत्त्वाचे. घाई म्हणून पुष्कळजण पाते विजेच्या चाकावर धरतात. तिथे कड तापून निळी पडली, तर लोहाराने दिलेले पाणी उतरले. मग कितीही घासा, धार टिकत नाही. चाक वापरायचेच तर पाते क्षणभर टेकवावे आणि दर वेळी पाण्यात बुडवावे.

काम करताना दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. लाकूड हाताने धरू नका, अडकवून घ्या. काम संपले की पाते पुसून तेलाचा हात फिरवा.

रोजची पाच मिनिटे पथरीला दिलीत, तर ऐन पेरणीत पाभर तुमच्याच हातात राहील.