मुलीच्या कॉलेजातले मराठी
(मंडळाच्या वाढदिवसाच्या सभेत केलेले भाषण)



मी चार शब्द बोलावे असा आपला आग्रह झाला. मी सातवी शिकलेली बाई, साहित्यावर काय बोलणार! पण माझी मुलगी तुमसरला बी.ए.ला मराठी घेऊन शिकते. तिच्यामुळे जे कळले तेवढे सांगते.

पहिल्याच आठवड्यात ती रडत घरी आली. वर्गात तिच्या तोंडून 'पानी' गेले आणि मागची मुले हसली. विषय बदलते म्हणाली. तिचे बाबा तर आधीपासूनच म्हणत होते, मराठी येतेच की, ती काय शिकायची? मीही गप्प बसले. वाटले, बोलणेच शुद्ध नाही तिथे साहित्य कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी त्याच शब्दावर तास घेतला. आपल्या झाडीबोलीत ण नाही आणि ळही नाही. ती चूक नव्हे, तो बोलीचा नियम आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा मोठा अभ्यास केला आहे. मग बाईंनी लीळाचरित्राची गोष्ट सांगितली. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याला त्याला विचारून गोळा केल्या, त्यातून तो ग्रंथ झाला. तेव्हा तुम्हीही घरी विचारा, म्हणाल्या. एक गाणे आणा, आणि ते कोणी, कधी, कोणत्या कामाला म्हटले तेही लिहा.

मुलगी माझ्यामागे लागली. मला येत नाही म्हणून सांगितले. येत होते हो, लाज वाटत होती! शेवटी रोवण्याला तिला बांधीवर नेले. पऱ्हे रोवता रोवता बायांनी गाणे धरले. हिची वही भिजली, पण लिहिले तिने. एकच ओळ दोनदा का म्हणता, असे तिने विचारले. एक म्हातारी कंबर न उचलताच म्हणाली, "एकीनं म्हनावं, दुसरीनं झेलावं. तेवढ्यात पहिलीले दम भेटते." ते उत्तर बाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले. विषय बदलायचे तिने पुन्हा काढले नाही.

मग तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या विचारल्या. सासूबाई पहाटे दळत, मी अंथरुणात ऐकत असे. कधी पुन्हा म्हणा म्हटले नाही. आता चाल तेवढी आठवते, शब्द नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, असे मुलगी सांगते. आमच्या घरच्या मात्र सासूबाईंबरोबर गेल्या.

दर बुधवारी दुपारी मुलगी आमच्या छपरीत वही घेऊन बसते. घरी म्हातारी माणसे असतील त्यांना घेऊन या. चालवत नसेल तर निरोप पाठवा, मुलगीच येईल.