हत्तींची वाट



आफ्रिकेंतील किलिमांजारो पर्वताच्या परिसरांत हत्तींचे कळप पाहण्यासाठीं देशोदेशींचे प्रवासी जातात. पर्वत टांझानियांत आणि त्याच्या उत्तरेस अंबोसेलीचें अभयारण्य केनियांत. हत्ती मात्र ही सीमा न जुमानतां दोन्हींकडे वावरतात. हें वाचतांना मला आमचें दोडामार्ग आठवतें.

मी मालवणच्या किनाऱ्यावरचा. हत्ती पाहिला होता तो सर्कशींतला तेवढाच. परंतु २००२ सालीं कर्नाटकांतून हत्ती सह्याद्रि उतरून दोडामार्ग तालुक्यांत आले आणि तिलारी खोऱ्यांत दिलेल्या माझ्या मावसबहिणीच्या बागेंत एके रात्रीं शिरले. सकाळीं केळी भुईसपाट झालेल्या, पोफळी मोडून पडलेल्या! गाडींत बसून पाहिलेला हत्ती रमणीय खरा. परसांत आलेला निराळा. भरपाई मिळाली, पण पोफळ फळास येण्यास किती वर्षें लागतात हें बागाईतदारास सांगावयास नको. बहिणीनें मला विचारलें, "दादा, ह्या गणपतीक आता हात जोडूचे की काठी उगारूची?" आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देणारा मी त्या वेळीं निरुत्तर झालों.

पुढें २०१५ सालीं माणगांव खोऱ्यांतले तीन हत्ती पकडण्यांत आले. तरी हत्ती येतच राहिले. याचें कारण नकाशा पाहिला म्हणजे कळतें. उत्तरेस गव्यांसाठीं १९५८ सालीं राखलेलें दाजीपूर-राधानगरी, दक्षिणेस गोव्याचें म्हादई आणि कर्नाटकाचें भीमगड, मध्यें २०२० सालीं संरक्षित झालेलें सुमारें साडेएकोणतीस चौरस किलोमीटरांचें तिलारी. हे झाले मणी. त्यांस जोडणारा दोरा म्हणजे सावंतवाडी-दोडामार्गचें रान. तें बरेंचसें खाजगी मालकीचें. त्यांत कित्येक ठिकाणीं झाडें तोडून रबर आणि अननस लावले गेले. रबराच्या ओळींत हत्तीनें खावें तें काय? मग तो केळींत शिरतो. मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ सालीं हा पट्टा संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करण्यासंबंधीं आदेश दिला, तो मला योग्य वाटतो. मात्र ही वाट राखण्याचा खर्च माझ्या बहिणीच्या पोफळींनींच कां सोसावा? प्रवासी मोटारी आणून हत्ती दाखविण्याच्या गोष्टी कोणी करूं लागले, तर आधीं या प्रश्नाचें उत्तर द्यावें.

गेल्या खेपेस मी तिकडे गेलों तेव्हां तिनें पोफळीचीं नवीं रोपें लावलीं होतीं. बांधावरचा भेरला माड मात्र तिनें तोडूं दिला नव्हता. हत्तीस तो फार आवडतो.

"आधी तो ह्यो माड खावंदे," असें म्हणून ती रोपांस पाणी घालावयास गेली.