बंद झालेली फाईल पुन्हा उघडते

मी सिन्नर तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी आपण इथे कर्ज, हप्ते, शेळीपालन असं बोलतो. आजचा विषय जड आहे. जवळ लहान मुलं बसली असतील तर त्यांना जरा अंगणात खेळायला पाठवा.

एखाद्या लेकराचा खून होतो, मारणारा सापडत नाही, वर्षं निघून जातात. लोक आईला म्हणतात, "फाईल बंद झाली बाई, आता पदरात काय पडणार?" कायदा मात्र तसं म्हणत नाही. हे आपल्याच नाशिकच्या एका प्रकरणातून समजून घेऊ.

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, ही नावं तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असतील. १९९० ते १९९६ या काळात या तिघी गर्दीच्या ठिकाणी पाकीटमारी करायच्या आणि त्यासाठी लहान लेकरं पळवायच्या. कडेवर मूल असलेल्या बाईवर कोण संशय घेणार? पहिलं मूल १९९० मध्ये कोल्हापुरात पळवलं. ते एका भीक मागणाऱ्या बाईचं होतं. चोरी करताना सीमा पकडली गेली, तेव्हा लोकांचं लक्ष उडावं म्हणून अंजनाबाईनं त्या लेकराला जमिनीवर आपटलं. पुढे त्याला मारून टाकलं.

ही मुलं वेगवेगळ्या शहरांतली होती. एकीकडे मूल हरवल्याची तक्रार, दुसरीकडे कुणाचं ते न कळलेलं प्रेत. दोन्हींचा मेळ घालणारं कुणी नव्हतं. त्यातले बरेच आईबाप गरीब. रोजी बुडवून पोलीस ठाण्यात किती चकरा मारणार?

धागा सापडला तो नाशिकमध्ये. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटला होता. त्या घरातली मुलगी १९९५ मध्ये पळवून मारली गेली. १९९६ मध्ये या तिघी त्याच घरातल्या दुसऱ्या मुलीवर टपल्या होत्या. तेव्हा त्यांना पकडलं आणि त्यानंतर मागच्या सहा वर्षांतली एकेक गोष्ट बाहेर आली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. पण मैत्रिणींनो, अशा साक्षीदाराच्या नुसत्या बोलण्यावर न्यायालय सहसा शिक्षा देत नाही. त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते. मूल कोणत्या दिवशी हरवलं, अंगावर काय कपडे होते, प्रेत कुठे मिळालं, पंचनाम्यात काय लिहिलं, हे सगळं जुन्या कागदांतूनच काढावं लागतं.

आरोप १३ मुलांच्या अपहरणाचा आणि ९ खुनांचा होता. सगळे खून न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. अंजनाबाई खटला चालण्याआधीच तुरुंगात मेली. दोघी बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला इतकी वर्षं गेली की, २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याच कारणावरून फाशीची जन्मठेप केली. कागद टेबलावर पडून राहिला की काय होतं, ते यातूनही दिसतं.

आता दुसरं उदाहरण गोव्याचं. २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर १५ वर्षांची एक ब्रिटिश मुलगी मेलेली सापडली. पोलीस म्हणाले, बुडून मेली. आईनं ते मानलं नाही. तिनं पाठपुरावा केला म्हणून दुसऱ्यांदा शवविच्छेदन झालं, खुनाचा गुन्हा नोंदला, तपास सीबीआयकडे गेला. २०१६ मध्ये दोन्ही आरोपी सुटले. तरी ती थांबली नाही. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं त्यातल्या एकाला दोषी धरून १० वर्षांची सक्तमजुरी दिली. अकरा वर्षं लागली.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं, खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते. वीस वर्षांनी पुरावा मिळाला तरी खटला चालतो.

दुसरं, गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडत नाही, असं झालं की आपल्याकडे पोलीस न्यायालयात 'अ समरी' पाठवतात. याचा अर्थ तक्रार खोटी ठरली असा नाही. न्यायालयानं तो अहवाल मान्य करण्याआधी तक्रारदाराला नोटीस मिळायला हवी. तिथे हजर राहून हरकत घेता येते. आणि मान्य झाल्यावरही नवी माहिती मिळाली तर पुढचा तपास होऊ शकतो. तसा लेखी अर्ज पोलिसांकडे, नाहीतर न्यायालयात करायचा.

तिसरं, मूल हरवलं तर "संध्याकाळपर्यंत येईल" म्हणून थांबू नका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवलाच पाहिजे. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. "आमची हद्द नाही" असं कुणी म्हणू शकत नाही, कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. घेतली नाही तक्रार, तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. ११२ आणि १०९८ हे नंबर पाठ ठेवा.

चौथं, वकील परवडत नाही म्हणून घरी बसू नका. बाईला आणि लहान मुलाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. न्यायालयात जाऊन तालुका विधी सेवा समितीचं विचारा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. हे ऐकून दारात आलेल्या अनोळखी बाईमाणसाला पोरं पळवणारी समजू नका. २०१८ मध्ये शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, अशाच अफवेवरून पाच निरपराध माणसं ठेचून मारली. संशय आला तर ११२ लावा, हात उचलू नका.

येत्या बैठकीत एवढं करा. गटातल्या प्रत्येकीनं आपल्या मुलांचा चालू वर्षाचा फोटो, उंची, अंगावरची खूण एका कागदावर लिहून घरात जपून ठेवायचं. दरवर्षी फोटो बदलायचा. मुसळगाव, माळेगावच्या एमआयडीसीत बाहेरगावाहून आलेली कुटुंबं राहतात. त्यांच्या लेकरांचे कागद करायलाही मदत करा, त्यांना इथे ओळखीचं कुणी नसतं. आणि गावात अशी एखादी आई असेल, जिची फाईल बंद झाली म्हणून ती गप्प झाली आहे, तर दोघी-तिघी मिळून तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. केस नंबर विचारा, समरीची प्रत मागा. एकटी बाई गेली तर तिला "उद्या या" म्हणतात. तिघी गेल्या की साहेब कागद शोधायला लावतात.