वैर उर्दूशी नाही, सक्तीशी आहे
(मांजरी येथील सभेत केलेले भाषण)



भाषावार राज्याची गोष्ट निघाली की कोणीतरी विचारतं, उर्दूचं काय? ती तर परकी! आम्ही गिरणी कामगार म्हणतो, हे साफ खोटं आहे.

'उर्दू' हा तुर्की शब्द, अर्थ छावणी. पण बोली दिल्ली-मेरठकडची. हिंदीही तिथलीच. करना, जाना, खाना दोघींचं एकच. सख्ख्या बहिणी, एकीनं फारसी लिपी घेतली, दुसरीनं नागरी.

१३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची माणसं दौलताबादेस आणली. त्यांची बोली आमच्या मातीत रुजून दखनी झाली. तिनं आमचा 'नको' उचलला, आमचा 'च' उचलला. औरंगाबादचा कवी वली १७०० साली दिल्लीस गेला, तेव्हा तिथले शायर त्याच्या भाषेवर लुब्ध झाले. आम्हीही घेतलंच की! 'मजूर' फारसी, 'मालक' अरबी!

मग निजामाविरुद्ध मराठवाडा का उठला? त्याच्या राज्यात कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता येईना. वैर त्या सक्तीशी, जुलमाशी होतं, बोलीशी नव्हतं.

१०६ हुतात्म्यांच्या रक्तावर १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. त्या लढ्यात बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा आवाज घुमत होता. मागणी एकच, जनतेचा कारभार जनतेच्या भाषेत. हिंदी असो, उर्दू असो, बहीण म्हणून आली तर पाटावर बसवू. हुकूम म्हणून आली तर उंबऱ्याबाहेर!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!