संकेतस्थळासाठी विषय निवडताना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मला बोलण्यासाठी विषय दिला आहे तो ‘स्वयंरोजगार’. हा विषय फार मोठा आहे. म्हणून त्यातील एका लहान भागाविषयीच बोलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून घेतली आहे. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे संकेतस्थळ काढायचे असेल तर त्यासाठी विषय कोणता निवडावा, हा तो भाग होय. अनेक तरुण मला हे विचारतात; पण विचारण्यापूर्वीच काहींनी घरचे पैसे त्यात घातलेले असतात. म्हणून हे बोलणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हा व्यवहार समजून घेऊ. वर्तमानपत्राला जशा जाहिराती मिळतात तशाच संकेतस्थळालाही मिळतात. मात्र त्यासाठी मालकाला दारोदार फिरावे लागत नाही. गूगल कंपनीने २००३ साली ॲडसेन्स ही योजना सुरू केली. वाचकाने पान उघडले की त्यावरील जागेसाठी जाहिरातदारांमध्ये क्षणार्धात लिलाव होतो आणि उत्पन्नातील मोठा वाटा स्थळाच्या मालकाला मिळतो. मराठी स्थळांना ही सोय २०१८ साली मिळाली.

लिलाव म्हटला की सर्व मालाला सारखा भाव येत नाही. विमा, कर्ज, यंत्रसामग्री अशा विषयांत एक गिऱ्हाईक मिळाले तरी जाहिरातदाराचा मोठा फायदा होतो. म्हणून तो जास्त बोली लावतो. विनोद व सुविचार वाचणारे पुष्कळ असतात, पण ते काही विकत घ्यायला आलेले नसतात. समजा, एका स्थळाची महिन्याला एक लाख पाने वाचली गेली व हजार पानांमागे २० रुपये मिळाले, तर २,००० रुपये होतात. दुसऱ्याची २५ हजारच पाने वाचली गेली, पण हजारी १२० रुपये मिळाले, तर ३,००० रुपये होतात. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. तत्त्व ध्यानात घ्या. वाचक किती, यापेक्षा तो कशासाठी आला, हे महत्त्वाचे आहे.

मग सर्वांनी विम्यावरच लिहावे काय? नाही. जिथे भाव जास्त तिथे मोठमोठ्या बँका, वर्तमानपत्रे आणि पगारी लेखक अगोदरच बसलेले आहेत. त्यांच्यापुढे एकट्या माणसाचे पान सापडणेच कठीण.

माझीच चूक सांगतो. मी पहिले स्थळ काढले ते नोकरभरतीच्या बातम्यांचे. त्याच सरकारी जाहिराती शेकडो लोक उतरवून घेत होते; मीही त्यांतलाच एक. निकालाच्या दिवशी वाचक येत, दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नसे. ॲडसेन्समध्ये १०० डॉलर साठल्याशिवाय रक्कम हाती पडत नाही. चौदा महिन्यांत माझे तेवढेही साठले नाहीत. पत्नीने शिवणकाम करून जमवलेले पैसे त्यात गेले, आणि तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, याचेच दुःख अधिक झाले.

वडिलांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान होते. लहानपणी तिथे बसून मी जे शिकलो, ते लिहावे असे तिनेच सुचवले. धागा वारंवार का तुटतो, टाका का सुटतो, सुई उलटी बसली हे कसे ओळखावे, बॉबिनचा ताण किती ठेवावा, असे साधे प्रश्न. वाचक थोडे, पण मशीन, मोटर वा सुटे भाग घेण्याच्या बेतात असलेले. आज त्या स्थळावर माझे घर चालत नाही. पण घराचे वीजबिल आणि मुलीची फी त्यातून निघते. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

केवळ भाव पाहून विषय निवडणाऱ्यांचे काय होते, याचे अमेरिकेतील एक उदाहरण आहे. डिमांड मीडिया ही कंपनी लोक काय शोधतात आणि कशाला जाहिरात मिळते, याचा हिशेब करून स्वस्तात हजारो लेख लिहून घेत असे. जानेवारी २०११ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. त्याच वर्षी गूगलने उथळ मजकूर मागे टाकण्यासाठी आपली क्रमवारी बदलली आणि कंपनीला उतरती कळा लागली. आता तर २०२४ पासून भारतातही अनेक प्रश्नांचे तयार उत्तर गूगल स्वतःच वरती देऊ लागले आहे. दोन ओळींत संपणाऱ्या विषयात राम उरलेला नाही.

तेव्हा मित्रहो, पैसे खर्चण्यापूर्वी एक वही घ्या. निवडलेल्या विषयावर पन्नास लेखांची नावे कोणाला न विचारता लिहिता येतात का, ते पाहा. त्या विषयातला वाचक काही विकत घेण्याच्या बेतात असतो का? आज जे लेख उपलब्ध आहेत त्यांत कोणती गोष्ट राहून गेली आहे? वर्षभराने तो लेख उपयोगी पडेल का? चारही उत्तरे मिळाली तरच पुढे जा.

आणखी एक विनंती. मधुमेहावर रामबाण उपाय लिहिला तर वाचक मिळतील. पण कोणी ते वाचून आपल्या आईची गोळी बंद केली, तर त्या कमाईचे काय करणार? आपल्याच जाहिरातींवर स्वतः क्लिक करण्याचा मोहही नको. त्याने खाते बंद होते आणि नावही जाते.

शेवटी, या कामासाठी शिक्षण सोडू नका. ज्याला एखादा विषय खरोखर येतो त्याच्याकडेच लिहिण्यासारखे काही असते, आणि तो विषय शिकण्याची जागा हीच आहे.